सोमवारचा घरचा नमुना

"रोना नहीं है, बस बैठना है."

जिज्जी हे प्रत्येकाला म्हणायच्या. मग पेशंटच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून त्याचा चेहरा जरा वर करायच्या, खालची पापणी हलकेच ओढायच्या आणि तिच्या कडेवर कागदाची एक अरुंद पट्टी अडकवून द्यायच्या. तुमच्या-माझ्या डोळ्याला कुणी असा कागद लावायला आलं, तर आपण खुर्चीसकट मागे सरकू. त्यांच्यासमोर मात्र भलेभले मान वर करून बसत. एक पट्टी लागली हे कळायच्या आत जिज्जी दुसऱ्या डोळ्याकडे वळलेल्या असायच्या.

एखादी म्हातारी हे काय चाललंय म्हणून घाबरून रडायला लागली, तर त्या पट्टी काढून घ्यायच्या. रागावून मुळीच नाही. "अम्मा, रोया हुआ पानी हमारे काम का नहीं. पहले चाय पी लीजिए, फिर बैठेंगे."

शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. रडताना येणारं पाणी पातळ असतं. आम्हाला हवं असायचं ते कुठलंही कारण नसताना डोळ्यात असणारं, दिवसभर बुबुळ ओलं ठेवणारं पाणी. लखनौच्या महानगर भागातल्या आमच्या प्रयोगशाळेत काचबिंदूवर काम चालतं. काचबिंदू हा मुलखाचा चोर. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं विझत येते आणि माणसाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्याची चाहूल रक्तात किंवा अश्रूंत आधीच लागते का, हे आम्ही शोधत होतो. म्हणजे शोधत मी होते. रक्त आणि अश्रू काढून देत होत्या जिज्जी.

पट्टी लावली की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. मिटल्या डोळ्यांनी पाच मिनिटं फार लांब असतात. माणसं चुळबुळ करतात, डोळे किलकिले करून बघतात, पट्टी निसटते. त्यावर जिज्जींनी स्वतःचा उपाय काढला होता. "आँखें बंद. अब अपने घर चलिए. और मुझे बताते जाइए."

आणि माणसं चालायला लागायची.

बाराबंकीकडचे एक म्हातारे होते. ते बसमधून उतरले, टपरीवर कुणाला तरी रामराम केला आणि मोहरीच्या शेताच्या बांधावरून निघाले. पाच मिनिटांची घंटी वाजली तेव्हा ते कालव्याच्या पुलावर होते. जिज्जींनी पट्ट्या काढून नळीत टाकल्या, नळ्या बर्फात खोचल्या, तरी म्हातारे डोळे उघडेनात. "बिटिया, पुल तो पार कर लेने दो." बाहेर पुढचा पेशंट खोळंबलेला, मी काचेपलीकडून हातवारे करते आहे, आणि जिज्जी शांतपणे हात पुसत उभ्या. म्हातारे पलीकडे उतरले, मगच जिज्जींनी खुर्ची मोकळी करून घेतली.

माझं टेबल त्या खोलीला लागूनच होतं. हिवाळ्याच्या सकाळी खिडकीतून दुधी उजेड यायचा आणि ते आवाज अर्धेमुर्धे कानावर पडायचे. कुणी निशातगंजच्या पुलाखालून चाललं आहे, कुणाच्या गल्लीच्या तोंडाशी शेळी बांधली आहे, कुणाच्या जिन्यात नेहमी तिसऱ्या पायरीवर पाणी सांडलेलं असतं. माणसं खुर्चीत असायची आणि नसायचीही. आकडे उतरवता उतरवता मीही कधी कुणाच्या मागून थोडी चालून यायचे. एक बाई सगळी पाच मिनिटं एकाच दारात उभी राहिली. आत गेलीच नाही.

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक असतं. इकडे थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात. त्या सगळ्यांच्या जिज्जी होत्या. संचालकांच्या, सफाईवाल्यांच्या, आणि त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या आमच्या हेडक्लार्कच्यासुद्धा. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून इथल्या चारबाग स्टेशनला आलेले. जिज्जींचा जन्म इथल्या रेल्वे क्वार्टरचा. लग्न इथल्याच एका मराठी सरकारी अधिकाऱ्याशी झालं. ते लवकर गेले, मुलगा नोकरीसाठी नागपूरला गेला, आणि जिज्जी निशातगंजच्या दोन खोल्यांत राहिल्या.

त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. मी मूळची साताऱ्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "अच्छा, सातारा? मग तिखट खात असशील. इथली सब्जी तुला अळणी लागेल, पण रडू नकोस हं, आपल्याकडे रडलेलं चालत नाही." लोकांसमोर मी 'मॅडम', एकटी असले की 'पोरी'. मी डॉक्टरेट घेऊन आलेली, त्यांच्यावरची अधिकारी. पण महिनाभरात कोण कुणाच्या हाताखाली आहे ते सगळ्यांना कळून चुकलं.

कारण वही. नमुन्यांची ती जाड वही जिज्जींच्या ताब्यात असायची आणि "वहीत गडबड नको" हा त्यांचा मंत्र होता. एकदा मी घाईत एक आकडा गिरवून दुरुस्त केला. दुपारी वही माझ्या टेबलावर उघडी पडलेली. शेजारी जिज्जी, हातात लाल पेन. "असं गिरवायचं नाही. चुकलं तर चुकलेलं दिसू दे. लाल रेघ मार, बाजूला बरोबर आकडा लिही, सही कर. वहीत गडबड नको, मॅडम." त्यांनी 'मॅडम' म्हटलं, तेव्हा मला कळलं की मी खरोखरच बोलणी खाते आहे.

आता त्या सोमवारच्या प्रथेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आमचं मोजणारं यंत्र रोज सारखं मोजत नाही. आज जरा चढं, उद्या जरा उतरतं. म्हणून दर वेळी पेशंटच्या नमुन्यांबरोबर एका निरोगी, ओळखीच्या माणसाचा नमुना लावायचा. त्या माणसाचा आकडा 'एक' धरायचा आणि बाकीच्यांचे त्याच्या पटीत मांडायचे. घरात नव्या तराजूवर आधी आपलंच नेहमीचं माप टाकून बघतो, तसंच हे. पुष्कळांचे अश्रू एकत्र करून गोठवून ठेवावेत आणि पुरवून पुरवून वापरावेत, ही बरोबर रीत. पण डोळ्यात पाणी असतं ते किती! जमवलेलं चार महिन्यांत संपायचं. त्यामुळे माझ्या आधीच्या साहेबांनी सोपी वाट काढली होती. दर सोमवारी साडेनऊला जिज्जी स्वतःच खुर्चीत बसायच्या, आरशात बघून स्वतःच्या डोळ्यांना पट्ट्या लावायच्या, पाच मिनिटांनी काढायच्या आणि नळीवर तिरक्या अक्षरात लिहायच्या, 'घर'. आठवडाभर तो घरचा नमुना चालायचा.

मी आले तेव्हा ही प्रथा चालू होती आणि मी ती चालू ठेवली. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी कपूरथल्याच्या चौकापर्यंत बरोबर जायचो. तिथून त्या निशातगंजकडे, मी विकास नगरकडे. वाटेत एका वळणावर, उजव्या हाताला, जुना कडुनिंब होता. तिथे आलं की जिज्जी पिशवी खाली ठेवायच्या. "जरा सावलीत थांबू." ऊन कधीच उतरलेलं असायचं, सगळा रस्ताच सावलीत असायचा. पण थांबायचं म्हणजे थांबायचं. दोन मिनिटं आम्ही उभ्या राहायचो. त्या लहानपणी चारबागच्या क्वार्टरमागे असाच नीम होता असं सांगायच्या, आणि मग पिशवी उचलायच्या. पुढे रस्ता रुंद करायला महानगरपालिकेनं ते झाड कापलं, बुंध्यावर फरशी बसवली. तरी जिज्जी तिथे थांबत राहिल्या. "जरा सावलीत थांबू." मला वाटायचं, गुडघे दुखतात, पण कबूल करायचं नाही. मी मनात हसायचे आणि थांबायचे.

आणखीही गोष्टी होत्या. मधल्या बोळात फ्रीजचं दार उघडं राहिलं, की जिज्जींचा उजवा खांदा त्याच्यावर आपटायचा आणि त्या चटकन म्हणायच्या, "माफ़ कीजिए." फ्रीजला! हा किस्सा आमच्या संस्थेत सगळ्यांना पाठ होता. लखनौची अदब काय असते हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगायचं झालं, की मी तो हमखास रंगवून सांगायचे. लोक पोट धरून हसायचे. जिज्जीही हसायच्या.

दरम्यान माझं काम बिघडत चाललं होतं. सुरुवातीच्या वर्षांत काचबिंदूच्या पेशंटच्या अश्रूंत एक प्रथिन निरोगी माणसांपेक्षा चांगलं दुपटी-तिपटीनं जास्त दिसायचं. मी खूश होते. पण वर्षं गेली तशी ती पट उतरू लागली. दुपटीची दीडपट झाली, मग सव्वापट. मी यंत्राला शिव्या घातल्या, किट बदलले, पुरवठादाराशी भांडले. शेवटी ठरवलं, की हे प्रथिन काही कामाचं नाही, तसं लिहून टाकावं आणि सुटावं. जिज्जी चहा देताना म्हणाल्या, "अगं यार, मशीनपण म्हातारं होतं. त्याला किती बोलशील?"

मग जानेवारीतला तो सोमवार आला. लखनौचं धुकं तुम्ही पाहिलं नसेल तर सांगून पटणार नाही. समोरच्या इमारतीचं नावनिशाण नाही, रस्त्यावरून नुसते आवाज चालत येतात. एकही पेशंट आला नाही. जिज्जींनी सवयीनं घरचा नमुना दिला, नळीवर 'घर' लिहिलं आणि हीटरशी हात शेकत बसल्या. मला काही काम नव्हतं. मी जुन्या वह्या काढल्या आणि उगाच, करमणूक म्हणून, फक्त 'घर' या रकान्यातले आकडे एका कागदावर मांडले. कशानंही न भागता, जसेच्या तसे. सहा वर्षांचे सोमवार.

रेघ चढत होती. खालून वर, हळूहळू, जिना चढावा तशी.

यंत्र बिघडलं असेल तर सगळ्यांसाठी बिघडायला हवं. ते तपासायचा मार्ग सोपा होता. मी जाऊन खुर्चीत बसले. "जिज्जी, आज माझेही अश्रू घ्या."

"तुझे? बरं. मान वर. रोना नहीं है."

"बस बैठना है," मी म्हटलं.

"आँखें बंद. चल घरी."

मी निघाले. मिटल्या डोळ्यांपुढे धुकं नव्हतं, स्वच्छ संध्याकाळ होती. फाटक, पानवाला, शाळेची भिंत, डावीकडे इस्त्रीवाला. मी मोठ्यानं सांगत चालले होते आणि वळणापाशी आले. "मग वळण. तिथून सरळ चौक."

"आणि नीम?" जिज्जींचा आवाज आला. "नीम सोडून कशी गेलीस? थांब ना तिथे."

मी डोळे मिटून तशीच बसले. आधी वाटलं, त्या जुन्या आठवणीतलं बोलताहेत. मग त्या म्हणाल्या, "परवाच बघितला. किती वाकलाय रस्त्यावर! कापून टाकतील एखाद्या दिवशी." झाड कापून दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या एकाच प्लेटवर, एकाच वेळी, आम्हा दोघींचे नमुने मोजले. माझा आकडा तेवढाच होता, जेवढा सहा वर्षांपूर्वी जिज्जींचा होता. त्यांचा, आमच्या पेशंटचा असतो तसा. यंत्र उत्तम चालत होतं. सहा वर्षं माझं मापच आजारी पडत होतं, आणि त्या मापानं मी साऱ्या लखनौला भागत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

प्रथिन वाढलं म्हणजे आजार झालाच असं नव्हे, हे मला ठाऊक होतं. त्याच आशेवर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन तास तपासणी चालली. डॉक्टर तरुण होते, मोजकं बोलले. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. उजव्याची कड बरीच गेलेली, डाव्याची जायला लागलेली. समोरचं मात्र लख्ख दिसतं, म्हणून पट्टी अजून अचूक लागते. कडेला जे दिसत नाही, तिथे काळोख नसतो. मन आपलं जुनं चित्र तिथे भरून टाकतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, त्यासाठी रोज थेंब घालायचे आणि चालताना मान पूर्ण वळवून बघायची सवय लावायची.

बाहेर बाकावर बसून मी त्यांना तो चढता कागद दाखवला. जिज्जींनी रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मशीन ठीक आहे?"

"हो."

"चला. बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या आपण."

मला ते सहन झालं नाही. "जिज्जी, दर सोमवारी तुम्ही मला सांगत होता. दर सोमवारी! आणि मी त्याच आकड्यानं भागाकार करत होते. मी वेळेवर बघितलं असतं तर—"

"अगं पोरी, मला तरी कुठे कळलं? डोळे तर माझे होते." त्यांनी कागदाची घडी घातली. "वहीत लिहिलंस का हे? लाल पेननं लिही. गडबड नको."

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीच्या रस्त्यानं निघालो. वळणावर जिज्जींनी पिशवी खाली ठेवली. मग डॉक्टरांनी सांगितलेलं आठवून त्यांनी मान पूर्ण उजवीकडे वळवली आणि वर बघितलं. तिथे आकाश होतं. खाली फरशी होती, फरशीवर एका मोबाइलच्या दुकानाचा बोर्ड उभा होता.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

धुकं परत उतरायला लागलं होतं. जिज्जी बोर्डाकडे बघत म्हणाल्या, "मग मी कुणाच्या सावलीत थांबत होते गं?"

मी रोज त्यांच्या शेजारी उभी राहत होते, मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं, आणि मी मनात हसत होते. फ्रीजचा तो किस्सा त्यानंतर मी कुणालाही सांगितला नाही.

जिज्जी पुढे दीड वर्ष कामावर होत्या. पेशंटच्या पट्ट्या लावायच्या, पण सोमवारी खुर्चीत बसणं बंद झालं. आम्ही वीस जणांचे अश्रू जमवून गोठवायची बरोबर रीत सुरू केली आणि सहा वर्षांचे सगळे आकडे नव्यानं मांडले. त्यातून काय निघालं ते इथे सांगत नाही, तो वेगळा विषय आहे. पण घरचा नमुना बंद केल्याचा सर्वांत मोठा राग जिज्जींनाच आला. "म्हणजे मी नापास झाले," असं त्या आठवडाभर ज्याला त्याला सांगत होत्या.

मग मुलानं त्यांना नागपूरला नेलं. स्टेशनवर मी रडले. त्यांनी गाडीच्या दारातून माझ्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि म्हणाल्या, "हे काही कामाचं नाही. सोमवारी फोन करीन. साडेनऊला. वही उघडून बस."

आणि खरंच करायच्या. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीसमोर पाण्याची जुनी टाकी. सोमवारी साडेनऊला जिज्जी गॅलरीत खुर्ची टाकून मला रीडिंग द्यायच्या. "लिही. टाकी दिसते. टाकीचा जिना दिसतो. जिन्यावर कबुतर आहे, तेपण दिसतं." मी वहीतला 'घर'चा रकाना परत उघडला होता. तारीख, आणि पुढे: टाकी, जिना, कबुतर. कधी कबुतर नसायचं, तर त्या प्रामाणिकपणे सांगायच्या. "कबुतर आज नाही. मला दिसत नाही असं नाही हं, ते आलेलंच नाही."

तुम्हाला हसू येईल, पण त्या रकान्यावर मी जगत होते. दर सोमवारी धाकधूक, आणि मग टाकी, जिना. महिनेच्या महिने रेघ सरळ. जे उरलं होतं ते टिकलं होतं. मला उशीर झाला होता, पण फार उशीर झाला नव्हता, असं मी स्वतःला सांगू शकत होते. डिसेंबरात एकदा त्या म्हणाल्या, "टाकीवर ऊन आलंय, पोरी. किती छान दिसतंय." मी तेही लिहून घेतलं.

गेल्या जानेवारीत त्या झोपेतच गेल्या. सुनेचा फोन आला तेव्हाही सोमवारच होता आणि मी वही उघडून बसले होते.

महिनाभरानं मी नागपूरला गेले. सुनेनं चहा केला, जिज्जींची खुर्ची दाखवली. मी गॅलरीत गेले आणि मान पूर्ण वळवून बघितलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा समोर. समोर एक अर्धवट बांधलेली इमारत होती. तिच्यावर हिरवं जाळीचं कापड लावलेलं होतं.

"इथे टाकी होती ना?"

"ती तर मागच्या उन्हाळ्यात पाडली," सून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला आईंनी सांगितलं नव्हतं ना? मागच्या होळीनंतर फार झपाट्यानं गेलं सगळं. थेंब चालू होते, ऑपरेशनही झालं. शेवटी तर माझा चेहरा हातानं चाचपून ओळखायच्या. सोमवारी मात्र सकाळपासून घाई. मला इथे आणून बसव, नंबर लावून दे."

"त्यांना ठाऊक होतं? टाकी पाडल्याचं?"

"आवाज ऐकत होत्या की महिनाभर. पण आम्हाला ताकीद होती. म्हणायच्या, ती पोर उगाच स्वतःला दोष देत बसेल. तिच्या वहीत गडबड नको."

मी जिज्जींच्या खुर्चीत बसले. सून आत गेली. मी डोळे मिटले आणि पाच मिनिटं उघडले नाहीत. मला टाकी दिसली. गंजलेला जिना दिसला. कबुतर आलं, बसलं, उडून गेलं. मग पाणी आलं, आणि ते कशाच्याच कामाचं नव्हतं.

लखनौला परतल्यावर मी वही काढली. उन्हाळ्यापासून पुढच्या साऱ्या नोंदी खोट्या आहेत, हे आता मला ठाऊक आहे. चुकलेल्या नोंदीवर लाल रेघ मारायची, बाजूला बरोबर ते लिहायचं आणि सही करायची, हा नियम मला जिज्जींनीच शिकवला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी वहीत एकच गडबड केली, आणि ती माझ्यासाठी केली. लाल पेन बराच वेळ माझ्या हातात होतं. मग मी त्याचं टोपण लावलं. त्या पानांवर रेघ नाही. तारीख, आणि पुढे टाकी, जिना.